हलकी ऑपरेटिंग सिस्टीम
कमी मेमरी आणि मंद प्रोसेसर असलेल्या जुन्या संगणकावर नीट चालावी, या हेतूने बांधलेली किंवा निवडलेली ऑपरेटिंग सिस्टीम. तिची गरज बहुतेक वेळा यंत्र बिघडल्यामुळे नव्हे, तर मूळ सिस्टीमची साथ सुटल्यामुळे भासते. विंडोज एक्सपीचा आधार, म्हणजे निर्मात्याकडून मिळणाऱ्या नेहमीच्या सुधारणा, ८ एप्रिल २०१४ रोजी, विंडोज ७ चा १४ जानेवारी २०२० रोजी आणि विंडोज १० चा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. विंडोज ११ ला ४ जीबी मेमरीबरोबर टीपीएम २.० ही सुरक्षा-सुविधाही लागते, त्यामुळे अगदी धडधाकट यंत्रेही तिच्या यादीबाहेर राहिली.

अशा संगणकांसाठी मुख्यतः लिनक्सकडे वळतात. निरनिराळ्या लिनक्स वितरणांचा (लिनक्सवर उभारलेल्या तयार सिस्टीमांचा) गाभा, म्हणजे कर्नल, बहुतांशी एकच असतो. जड-हलकेपणा ठरतो तो त्यावरच्या डेस्कटॉपमुळे आणि पडद्याआड चालणाऱ्या सेवांमुळे. गनोम या डेस्कटॉपपेक्षा एक्सएफसीई आणि एलएक्सक्यूटी हे डेस्कटॉप हलके. आइसडब्ल्यूएमसारखा नुसता विंडो मॅनेजर, म्हणजे फक्त खिडक्या सांभाळणारा प्रोग्रॅम, त्यांहूनही हलका.

निवड करताना पहिला प्रश्न प्रोसेसर ३२ बिटचा की ६४ बिटचा, हा. ३२ बिट यंत्रांसाठीचे पर्याय झपाट्याने आटत आहेत. उबुंटू या वितरणाने १७.१० या आवृत्तीपासून ३२ बिट डेस्कटॉप देणे थांबवले आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ या वितरणामध्ये ३२ बिट पीसीसाठीचा इन्स्टॉलरही उरला नाही. काही यंत्रे इथे चकवतात. इंटेलच्या अॅटम प्रोसेसरच्या काही यंत्रांत प्रोसेसर ६४ बिट पण यूईएफआय (यंत्र सुरू करणारे अंगभूत सॉफ्टवेअर) ३२ बिट असते. पेंटियम एम मालिकेतील काही चिपांत पीएई (३२ बिट प्रोसेसरला जास्त मेमरी वापरू देणारी) सुविधा असूनही ती चिप तसे कळवत नाही, आणि कर्नलला 'फोर्सपीएई' हा पर्याय देऊन ती मान्य करायला लावावी लागते.

डेबियनवर आधारलेले, सिस्टमडी (सेवा सुरू करून सांभाळणारा प्रोग्रॅम) न वापरणारे अँटिएक्स हे अशा यंत्रांसाठी बहुधा सर्वांत समतोल वितरण. बॅरी कॉलर यांनी २००३ मध्ये सुरू केलेले पपी लिनक्स स्वतःला मेमरीत उतरवून घेते, त्यामुळे डिस्क रडतखडत चालत असली किंवा मुळीच नसली तरी त्याचे अडत नाही. मात्र त्यात वापरकर्ता परंपरेने रूट, म्हणजे सर्वोच्च, अधिकारांनीच वावरतो, हे विसरू नये. टायनी कोअर काही मेगाबाइटांत मावते, पण नंतर एकेक गोष्ट आपणच जोडत बसावे लागते. असेंब्ली भाषेत लिहिलेली कोलिब्रीओएस एका फ्लॉपीत बसते. ती लिनक्स नाही, आणि रोजच्या कामाचीही नाही, पण कमी जागेत किती काय होऊ शकते ते तिच्याकडे पाहून कळते.

वितरणांची तुलना करताना नुसत्या सुरू केलेल्या, रिकाम्या डेस्कटॉपने किती मेमरी घेतली याचे आकडे मांडले जातात. ही फसवी मोजपट्टी आहे. खरा भार ब्राउझरचा. आजच्या एखाद्या जड संकेतस्थळाचा एकच टॅब हलक्या डेस्कटॉपइतकी मेमरी सहज खातो. त्यामुळे २ जीबी मेमरीच्या यंत्रावर एक्सएफसीई की एलएक्सक्यूटी, यापेक्षा एका वेळी किती टॅब उघडे ठेवता हे अधिक महत्त्वाचे. शिवाय ब्राउझरच्या स्वतःच्या अटी असतात: क्रोमने लिनक्सवरील ३२ बिट आवृत्ती २०१६ मध्ये बंद केली आणि २०२१ पासून त्याला एसएसई३ सूचनासंच असलेलाच प्रोसेसर चालतो. लेखन, संगीत, छपाई किंवा घरातली फाइल-साठवण एवढ्याच कामासाठी यंत्र असेल, तर मात्र १ जीबीतही सुखाने निभते.

फिरती हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवली, तर जो वेग मिळतो तो सहसा कोणतेही वितरण बदलून मिळत नाही. मेमरीतला मजकूर दाबून साठवणारी झेडरॅम ही कर्नलमधली सोय थोडीशी मेमरी ताणून देते, त्या बदल्यात प्रोसेसरला काम वाढते.

डिस्कला हात लावण्याआधी वितरण पेनड्राइव्हवरून लाइव्ह, म्हणजे इन्स्टॉल न करता, चालवून पाहतात. त्यात वायफाय, आवाज, झोपवलेला लॅपटॉप पुन्हा जागा होणे आणि आपल्या लिपीचे फाँट व कळफलक तपासावेत. अतिलहान वितरणांत रोमनखेरीज इतर लिपींचे फाँट अनेकदा वगळलेले असतात आणि मग मजकुराच्या जागी नुसते चौकोन दिसतात.