फुलब्राइट-नेहरू डॉक्टरल फेलोशिप : शिक्षणधोरणावर पीएचडी करणाऱ्यांनी अर्ज कसा करावा

भारतातल्या विद्यापीठात पीएचडीची नोंदणी, मधले सहा ते नऊ महिने अमेरिकेतल्या विद्यापीठात त्याच विषयाचं संशोधन आणि परत येऊन प्रबंध इथेच सादर: या फेलोशिपचं स्वरूप असं आहे. अमेरिकेची पदवी तिच्यातून मिळत नाही. भारतात ती यूएसआयईएफ (युनायटेड स्टेट्स-इंडिया एज्युकेशनल फाउंडेशन) ही संस्था चालवते. मुख्यालय दिल्लीत, पश्चिम विभागाचं कार्यालय मुंबईत. पात्र विषयांमध्ये शिक्षणधोरण आणि नियोजन आहे.

अर्जदार भारतीय नागरिक आणि अर्ज करताना भारतात राहणारा हवा. ग्रीन कार्ड असेल तर अर्ज करता येत नाही. एका वर्षी फुलब्राइट-नेहरूच्या एकाच प्रकारासाठी अर्ज चालतो.

खरी गफलत तारखांची होते. अर्जाच्या अंतिम मुदतीआधी पीएचडीच्या नोंदणीला किमान एक वर्ष पूर्ण झालेलं लागतं. आपल्याकडे प्रवेशाची तारीख वेगळी, कोर्सवर्क संपल्याची वेगळी आणि आरआरसीने (विद्यापीठाच्या संशोधन समितीने) विषय मंजूर केल्याची तिसरीच. विद्यापीठाच्या नोंदणीपत्रावर जी छापली आहे तीच धरा आणि तेच पत्र जोडा. फी भरल्याची पावती त्याची जागा घेत नाही. दुसरं टोकही बघा: भारतात परतल्यावर किमान तीन महिने प्रबंध सादर करता येत नाही. ऑगस्टमध्ये गेलात, नऊ महिने राहिलात, तर पुढच्या ऑगस्टच्या आत प्रबंध देता येणार नाही. यूजीसीच्या 2022 च्या नियमांत पीएचडीची कमाल मुदत सहा वर्षांची आहे. चौथ्या-पाचव्या वर्षात असाल तर हा हिशेब कागदावर मांडूनच अर्ज उघडा.

अर्ज ऑनलाइन भरायचा. सोबत संशोधनाचं निवेदन, बायोडेटा, गुणपत्रिका, स्वतःच्या लेखनाचा नमुना आणि तीन शिफारसपत्रं. त्यातलं एक गाइडचंच हवं आणि हे काम अमेरिकेतच का करायला हवं, हे त्यात आलं पाहिजे. 'विद्यार्थी कष्टाळू व होतकरू आहे' एवढ्यावर संपणारं पत्र काही उपयोगाचं नाही. शिफारसपत्रं देणारे स्वतः ऑनलाइन पाठवतात, तेव्हा गाइडना लिंक महिनाभर आधी जाऊ द्या. नोकरीत असाल तर रजा मिळेल असं नमूद केलेली संस्थेची संमती ठरलेल्या फॉर्मवर लागते. अनुदानित महाविद्यालयात हा कागद प्राचार्यांच्या टेबलावरून संस्थाचालकांच्या बैठकीपर्यंत फिरतो. सर्वांत आधी हाती घ्यायचं काम हेच.

निवड ठरते ती निवेदनावर. 'भारत व अमेरिकेतील शालेय प्रशासनाचा तुलनात्मक अभ्यास' हा विषय कुठल्याही ग्रंथालयात बसून होतो, त्यासाठी विमान कशाला? त्याऐवजी हे पाहा. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 21 नुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के पालक असतात. समितीने शाळेचा विकास आराखडा करायचा आणि अनुदानाच्या वापरावर लक्ष ठेवायचं. पण मुख्याध्यापक नेमणं तिच्या हातात नाही. शिकागोत 1988 च्या कायद्याने आलेल्या लोकल स्कूल कौन्सिलांना, म्हणजे शाळाशाळांच्या स्थानिक समित्यांना, प्राचार्य निवडण्याचा अधिकार मिळाला. मग प्रश्न असा: पालकांच्या हाती नेमणूक आली की बैठकीत ते काय वेगळं बोलतात? या कौन्सिलांच्या बैठका जनतेला खुल्या असतात, शिकागो विद्यापीठात शाळांवर काम करणारं संशोधन केंद्र 1990 पासून आहे. मुक्काम कुठे, कशासाठी आणि किती महिने, हे निवेदनातून आपोआप सिद्ध होतं.

अमेरिकेतल्या ज्या प्राध्यापकांकडे काम करायचं, त्या यजमान प्राध्यापकांना पत्र लवकर लिहा. आमंत्रणपत्र हाती असेल तर अर्जाला वजन येतं. आपल्या प्रबंधाचा कोणता भाग त्यांच्या कोणत्या कामाशी जुळतो, एवढं दोन परिच्छेदांत सांगा. एकच मजकूर वीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो.

शिक्षणाच्या विषयात आणखी एक खोच आहे. माणसांच्या मुलाखती घ्यायच्या तर तिथल्या विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मंजुरी लागते. मुलं असतील तर सहसा पालकांची परवानगी आणि मुलाची संमती, दोन्ही. यात आठवडे जातात. एकेका विद्यार्थ्याच्या नोंदी अमेरिकेच्या 1974 च्या एका संघीय कायद्याने संरक्षित आहेत, त्या सहज मिळणार नाहीत. सहा महिन्यांची योजना बैठका, इतिवृत्तं आणि प्रौढांच्या मुलाखतींवर उभी केलेली बरी.

छाननीतून पुढे गेलेल्यांची मुलाखत होते आणि शेवटची मंजुरी अमेरिकेतलं फुलब्राइट मंडळ देतं. नंतर डीएस-2019 हा व्हिसासाठीचा पात्रतेचा कागद येतो, त्यावर जे-1 हा शैक्षणिक देवाणघेवाणीचा व्हिसा. नाव पासपोर्टप्रमाणेच लिहा. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, पासपोर्टवर वडिलांचं नाव मध्ये आणि लग्नानंतर तिसरंच आडनाव, असं असेल तर पासपोर्ट अर्जाआधीच दुरुस्त करून घ्या. या व्हिसाला दोन वर्षं मायदेशी राहण्याची अट असते: ती पुरी होईपर्यंत एच-1बी हा नोकरीचा व्हिसा किंवा ग्रीन कार्ड मिळत नाही. अमेरिकेत लगेच पोस्ट-डॉक करायचा विचार असेल तर जोडीदाराशी आणि गाइडशी त्याबद्दल आधीच बोलून ठेवा.