खाजणातली बुरशी आणि फ्लास्कमधल्या गोळ्या

कोकणात सुपारी-नारळाच्या बागांमध्ये मूळकुजीवर ट्रायकोडर्मा ही उपकारक बुरशी वापरतात. पण खाजणालगतच्या, भरतीचं पाणी शिरणाऱ्या जमिनीत ही बुरशी कितपत तग धरेल? मीठ घातलेल्या द्रव माध्यमात ती वाढवायची आणि वजन करायचं. ऐकायला सोपं आहे.

माध्यम जवळपास घरगुतीच. 200 ग्रॅम बटाट्याचे काप उकळून गाळलेलं पाणी, 20 ग्रॅम डेक्स्ट्रोज (एक साखर), सगळं मिळून एक लिटर. त्याचे चार भाग करून 0, 1, 2 आणि 3 टक्के मीठ घालावं (समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के असतं). मीठ आयोडीन नसलेलं, सामू 5.5. 250 मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये 50 मिलिलिटरच भरायचं, कारण 28 अंशांच्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 8 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो. बुरशी तो संपवत जाते, तसा वरच्या हवेतून नवा यावा लागतो. वजनाच्या प्रत्येक दिवसासाठी प्रत्येक प्रमाणाचे तीन फ्लास्क; माध्यम त्या हिशेबाने वाढवावं. मग ऑटोक्लेव्हमध्ये (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र) 121 अंशांवर 20 मिनिटं.

खरी गोम बीजाणूंच्या संख्येत आहे. बीजाणू कमी पडले तर प्रत्येकाभोवती धागे गुंडाळत जातात आणि साबुदाण्यासारख्या गोळ्या होतात. भरपूर पडले तर तीच बुरशी पातळ लगद्यासारखी पसरते. मोठ्या गोळीच्या गाभ्यापर्यंत ऑक्सिजन पोचत नाही, आतला भाग उपाशी राहतो. मग वाढ मिठाने खुंटली की गोळीने, सांगता येत नाही. म्हणून बीजाणू मोजूनच घालायचे: मिलिलिटरला 5 कोटींच्या द्रावणातलं 1 मिलिलिटर प्रत्येक फ्लास्कात, म्हणजे मिलिलिटरला सुमारे 10 लाख. द्रावणात 0.1 टक्का ट्वीन 80 (साबणासारखा पदार्थ) हवं, नाहीतर बीजाणू पाण्यावर तरंगत एकमेकांना चिकटतात.

फ्लास्क सतत हलवत ठेवणारा शेकर मिनिटाला 150 फेऱ्यांवर. पावसाळ्यात वीज गेली आणि शेकर चार-पाच तास बंद पडला, तर धागे तळाला बसतात, वर साय धरू लागते. तो संच टाकून द्यावा. पुढचे आकडे कामाचे नाहीत. शेकर जोरात फिरवून कापसाचा बोळा भिजला, तर ओल्या कापसातून बाहेरची बुरशी आत उतरते.

वजन एकाच दिवशी करू नये. मिठात बीजाणू उशिरा रुजतात, त्यामुळे तिसऱ्या दिवशी मागे दिसणारा फ्लास्क सातव्या दिवशी बरोबरीला आलेला असू शकतो. 2, 3, 5 आणि 7 या दिवसांसाठी वेगवेगळे फ्लास्क लावावेत.

बुरशी आधी वजन केलेल्या गाळणकागदावर गाळली की डिस्टिल्ड वॉटरने झटपट धुवायची. न धुतलेल्या गोळ्यांत 3 टक्क्यांचं 5 मिलिलिटर माध्यम अडकलं असेल, तर वाळल्यावर त्यातून 150 मिलिग्रॅम मीठच काट्यावर येतं. अख्ख्या फ्लास्कात साखर 1 ग्रॅम, त्यापुढे ही चूक केवढी ते बघा! फार वेळ धुवूही नये. मिठाशी झुंजताना बुरशीने पेशीत साठवलेलं ग्लिसरॉल पाण्याबरोबर निघून जातं.

60 अंशांच्या ओव्हनमध्ये वजन स्थिर होईपर्यंत वाळवावं आणि डेसिकेटरमध्येच (ओल शोषणारा पदार्थ ठेवलेलं बंद भांडं) गार करावं. जुलैतल्या दमट हवेत उघडा ठेवलेला कागद ओल शोषतो आणि काट्यावरचा आकडा डोळ्यांदेखत वर सरकत राहतो.