कूलरचं पाणी आणि एसीचं पाणी: कुंडीला कोणतं घालावं?

एप्रिल सरत आला की जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि नळाला पाणी येतं काही दिवसांआड. झाडांवर जीव असलेला माणूस मग थेंबही वाया घालवत नाही. कूलर रिकामा करताना उरलेलं पाणी आणि एसीच्या नळीखाली बादलीत साठलेलं पाणी, दोन्ही सरसकट कुंड्यांना जातं. पण झाडासाठी या दोन पाण्यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एसीचं पाणी हवेतलं. थंड कॉइलवर वाफ जमून ते ठिबकतं, म्हणून त्यात क्षार जवळपास नसतातच. कॉइलवरची धूळ उतरते, त्यामुळे पिऊ नये. झाडाला बिनधास्त घाला.

कूलरचं नेमकं उलटं. उडून जातं ते निव्वळ पाणी, बोअरमधले क्षार मागेच राहतात. टाकीत ५० लिटर भरलं आणि ४० लिटर उडालं, तर तेवढेच क्षार उरलेल्या १० लिटरांत येतात, म्हणजे जवळजवळ पाचपट. थोडे कूलरच्या गवतावर बसतात. तो पांढरा, खरखरीत थर त्यांचाच. वर आपण पुन्हा बोअरचंच पाणी भरतो. आरओचं वाया जाणारं पाणीही याच जातीचं, हे जाता जाता सांगून ठेवते.

हे पाणी कुंडीत जात राहिलं तर खालची, जुनी पानं आधी बोलतात. टोक तपकिरी होतं, मग कडा वाळत आत सरकतात, मधला भाग मात्र हिरवाच राहतो. मातीवर आणि कुंडीच्या बाहेरून पांढरट पापुद्रा धरतो. माती ओली असूनही झाड मान टाकतं, कारण खाऱ्या मातीतून मुळांना पाणी ओढणं जड जातं. आपल्याला वाटतं ऊन लागलं, आणि आपण तेच पाणी आणखी ओततो. उन्हाचा चट्टा वेगळा असतो: पश्चिमेकडच्या, उघड्यावरच्या पानांवर मधोमध पांढुरका, कोरडा डाग.

गुलाब, लिंबू, घेवडा यांना कूलरचं पाणी अजिबात नको. बोगनवेल, कण्हेर बरंच सोसतात, तरी कुंडीत असतील तर मी त्यांनाही घालणार नाही. डेंग्यूच्या डासांमुळे टाकी आठवड्याला रिकामी करायचीच असते. ते पाणी ओटा धुवायला, संडासात वापरा. क्षार आधीच साठले असतील तर खालची ताटली काढून कुंडीच्या मापाच्या दुप्पट गोडं पाणी सावकाश घाला आणि तळाच्या भोकातून पूर्ण वाहून जाऊ द्या.

अडचण एवढीच की मेच्या कोरड्या हवेत एसी फार ठिबकत नाही, म्हणून ती अर्धी बादली रोपं आणि गुलाबासाठी राखून ठेवा. पाऊस धरला की कुंड्या वळचणीखालून उघड्यावर काढा. उन्हाळाभराचे क्षार धुवायला त्यासारखं पाणी नाही.