वार्निश की एसडीएफ? दुर्गम वस्तीतल्या फेरीत कुठे काय लावायचं

ऑस्ट्रेलियाच्या नॉर्दर्न टेरिटरीतल्या मॅनिंग्रिडा, गॅलिविंकूसारख्या ॲबोरिजिनल (मूळनिवासी) वस्त्यांत दंतवैद्य बहुधा फेरीवर येतो. आठवडा-दोन आठवडे काम करून परततो, पुढची फेरी काही महिन्यांनी. त्यामुळे फ्लोराइड वार्निश आणि सिल्व्हर डायमाइन फ्लोराइड, म्हणजे एसडीएफ, या दातांना लावायच्या दोन औषधांची गल्लत इथे मुलाला फार महागात पडते.

दोन्ही छोट्या ब्रशने लावतात. ड्रिल नाही, सुई नाही. पण वार्निश (5 टक्के सोडियम फ्लोराइड, म्हणजे दहा लाख भागांत 22,600 भाग फ्लोराइड) कीड लागू नये म्हणून असतं. फार तर खडूसारखा पांढरा डाग, जिथे अजून खड्डा पडलेला नाही, तो सावरतं. 38 टक्के एसडीएफ पडलेल्या खड्ड्यातली कीड थांबवतं: चांदी जंतू मारते, वार्निशच्या जवळपास दुप्पट असलेलं फ्लोराइड मऊ झालेला भाग कडक करतं. नॉर्दर्न टेरिटरीतल्याच 30 वस्त्यांत 18 ते 47 महिन्यांच्या मुलांना दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी वार्निश लावून पाहिलं गेलं. नवी कीड कमी झाली, पण थांबली नाही. म्हणून बॅगेत दोन्ही हवीत.

लावण्याची रीत जवळजवळ उलटी आहे. वार्निश लाळेच्या ओलाव्यातच घट्ट होतं, दात नुसता पुसला तरी पुरे. दुधाच्या सगळ्या दातांना मिळून साधारण 0.25 मिलि. त्या दिवशी कडक खाणं टाळायचं, ब्रश दुसऱ्या दिवशी. एसडीएफला मात्र खड्डा कोरडाच हवा. आधी ओठांना व्हॅसलिन, बाजूला कापसाचे रोल, खड्ड्यातलं अन्न काढायचं. थेंब प्लॅस्टिकच्या वाटीत आणि लावायच्या वेळीच काढायचा, उघडा राहिला की बिघडतो. मूल सहन करेल तर मिनिटभर भिजू द्यायचं, मग टिपून घ्यायचं. मर्यादा 10 किलो वजनामागे एक थेंब. त्वचेवरचा डाग काही दिवसांत जातो, कपड्यावरचा जात नाही.

सर्वात घातक चूक म्हणजे उघड्या खड्ड्यावर नुसतं वार्निश लावून नोंदीत ‘उपचार झाला’ लिहिणं. पुढच्या फेरीपर्यंत कीड दाताच्या नसेपर्यंत पोचते आणि मूल रात्रभर रडतं. दुसरी चूक: आपोआप ठणकणाऱ्या किंवा गळू झालेल्या दाताला एसडीएफ. तिथे ते काहीच करू शकत नाही, तो दात काढायचा किंवा नसेचा उपचार करायचा. चांदीची ॲलर्जी असेल किंवा हिरड्यांवर, तोंडात जखमा असतील तरी एसडीएफ नाही. वार्निशला कोलोफोनी या राळेची ॲलर्जी आडवी येते.

एसडीएफने किडलेला भाग कायमचा काळा पडतो. पुढच्या दातांवर तो पटकन दिसतो आणि मुलाला चिडवलं जाऊ शकतं. म्हणून काळ्या दाताचा फोटो आधी दाखवायचा, गरज असेल तिथे दुभाष्यामार्फत बोलायचं. मुलाला अनेकदा आजी किंवा मावशी घेऊन येते. संमती कोण देऊ शकतं ते विचारूनच ब्रश उचलायचा. घाईत घेतलेल्या होकाराने पुढच्या फेरीला ते कुटुंब येणारच नाही.

वार्निश वस्तीतल्या दवाखान्यातल्या प्रशिक्षित परिचारिका आणि ॲबोरिजिनल आरोग्यसेवक लावू शकतात. निघण्यापूर्वी त्यांच्याकडे पुढच्या वार्निशच्या, सहा-सहा महिन्यांनी येणाऱ्या तारखांची यादी द्यावी. एसडीएफ लावलेल्या दातांचे क्रमांक आणि तारखा वेगळ्या लिहून ठेवाव्यात, कारण तेही सहा महिन्यांनी पुन्हा लागतं. त्यावेळी नुसता काळा रंग पाहून कीड थांबली असं मानू नये. प्रोब, म्हणजे दात तपासायची सळई, हलकेच फिरवून पाहावा: काळा भाग कडक लागला तर थांबली, मऊ लागला तर पुन्हा लावायचं.