स्क्रीन ट्रान्सफर की डीटीएफ? स्टिकर एकसारखे, प्रेसवरचं वागणं वेगळं

युनिफॉर्मच्या सीझनला सोलापुरात दोन्हींना एकच नाव असतं: स्टिकर. शाळेचा लोगो उलटा छापलेली, मागे खरखरीत पावडर असलेली शीट कारखान्यात येते, हीट प्रेसवाला नेहमीचं तापमान लावतो आणि दाबत सुटतो. त्यातली काही शीट स्क्रीनवर, म्हणजे ताणलेल्या जाळीतून शाई दाबून छापलेली असते, काही डीटीएफची (डायरेक्ट टू फिल्म), म्हणजे इंकजेट मशीनने प्लास्टिकच्या फिल्मवर छापलेली. दोन्ही चिकटतात. मात्र दोन-चार धुण्यांनंतर एकीच्या कडा उचलायला लागतात आणि दोष पावडरवर जातो.

फरक पावडरमध्ये फारसा नाही. दोन्हीकडे ती गरम झाली की वितळणारा गोंदच असते. खरा फरक शाई कुठे पक्की होते त्यात आहे.

स्क्रीन ट्रान्सफरची शाई बहुधा प्लास्टिसोल असते, म्हणजे प्लास्टिसायझरमध्ये (प्लास्टिक मऊ ठेवणाऱ्या द्रवात) कालवलेले पीव्हीसीचे बारीक कण. ती हवेवर वाळत नाही. डब्यातली शाई स्क्रीनवर रात्रभर राहिली तरी सकाळी ओलीच मिळते. १६० अंशांच्या आसपास पोचली की मात्र ती एकजीव होऊन पक्की होते. ट्रान्सफर करताना तिला मुद्दाम तिथवर जाऊ द्यायचं नसतं. शीटवर अर्धी शिजवायची, उरलेली अर्धी कापडावर, प्रेसखाली. डीटीएफमध्ये हे उलट असतं. तिची शाई पाण्यावर आधारित, फिल्मवरच ती वाळून पक्की होते आणि प्रेसचं काम फक्त मागचा गोंद वितळवून धाग्यात बसवण्याचं.

म्हणून स्क्रीन ट्रान्सफरची सगळी कसोटी ओव्हनमध्ये लागते. छपाईचा क्रम नेहमीच्या उलटा: आधी वरचे रंग, मग त्यामागे पांढरा, पांढरा ओला असतानाच पावडर. रंगांना ७७टी (सेंटिमीटरला ७७ धागे) जाळी, पांढऱ्याला थर जाड हवा म्हणून ४३टीच्या आसपासची. पांढरा रंगापेक्षा किंचित आत घ्यावा लागतो, नाहीतर कडेला पांढरी रेघ दिसते. पण फार आत घेतला तर कडेला पावडरच बसत नाही आणि लोगो तिथूनच सुटायला लागतो. फरक मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांइतकाच ठेवायचा. कागदावर छापत असाल तर कोरा कागद आधी एकदा ओव्हनमधून काढा. त्यातला ओलावा पहिल्या रंगानंतर गेला तर कागद आकसतो आणि दुसरा रंग जागेवर बसत नाही.

अर्धी शिजली हे ओळखायचं कसं? अंगठा दाबा, शाई बोटाला लागता कामा नये. मग कोपऱ्यातला थर नखाने उचकटून ताणून बघा. चटकन तुटून चुरा झाला तर बरोबर. रबरासारखा ताणला गेला तर शाई शीटवरच पूर्ण शिजली आहे. अशा शाईची कापडावरची पकड कच्ची राहते, मग प्रेसवर कितीही जोर लावा. कमी शिजली तर त्रास दुसरा: गठ्ठ्यात शीट एकमेकींना चिकटतात. पत्र्याच्या शेडमध्ये मे महिन्यात हे हमखास होतं. मध्ये बटर पेपर घालून गठ्ठा थंड जागी ठेवला तर फेब्रुवारीत छापलेला माल जूनला सुखरूप वापरता येतो.

डीटीएफची डोकेदुखी मशीनपाशी. पांढऱ्या शाईत टायटॅनियम डायऑक्साइड असतं, ते जड म्हणून खाली बसतं. शाई फिरती ठेवली नाही, रोज थोडं छापलं नाही, तर शाई फवारणाऱ्या हेडची छिद्रं बुजतात. त्यात सोलापूरचा एप्रिल-मे. हवा कोरडी, शाई छिद्रातच वाळते आणि फिल्मवर स्थिर वीज तयार होते. मग पावडर फक्त ओल्या शाईवर न राहता कोऱ्या जागेवरही चिकटते आणि कापडावर लोगोभोवती धुरकट कण उमटतात. खोलीतली आर्द्रता ४० ते ६० टक्के राखली की हा त्रास बराच कमी होतो.

प्रेसवर डीटीएफला साधारण १४५ ते १५५ अंश, १० ते १५ सेकंद पुरतात. पावडर लावलेल्या प्लास्टिसोलला १६० ते १६५ अंश, १० ते १२ सेकंद आणि दाब चांगला हवा. शीट देणाऱ्याने दुसरा आकडा सांगितला असेल तर तो धरा. डायलवरचा आकडा मात्र प्लेटवर नेहमीच असतो असं नाही. स्वस्त प्रेसचा एखादा कोपरा थंड निघतो, तेव्हा चारही कोपरे मोजून घ्या. डीटीएफच्या सेटिंगवर प्लास्टिसोल दाबलं की ते चिकटतं, पण कच्चं राहतं. सुरुवातीला सांगितलेला घोटाळा तो हाच.

दाबण्याआधी कापड ३ ते ५ सेकंद नुसतंच दाबून ओलावा काढा. खिशावरचा लोगो खिसा शिवण्याआधी, कापलेल्या तुकड्यावरच दाबलेला बरा. शिवलेल्या खिशाची कड उंच असते, तिच्या शेजारी दाब पोचत नाही. सिलिकॉन फिनिश दिलेल्या शर्टिंगवर दोन्ही प्रकार नीट धरत नाहीत, आधी तुकडा दाबून, धुऊन बघा. टॉवेलच्या लूपवर तर नादच करू नका. ट्रान्सफर लावायचाच असेल तर सपाट विणलेल्या पट्ट्यावर, नाहीतर सरळ एम्ब्रॉयडरी.

शाळेतल्या हाऊसचे लाल, मरून टी-शर्ट हा वेगळा विषय. पॉलिएस्टरचा डाय, म्हणजे कापडाचा रंग, उष्णतेने वर चढतो आणि संध्याकाळी पांढरा दिसणारा लोगो एक-दोन दिवसांत गुलाबी होतो. स्क्रीनमध्ये पांढऱ्यानंतर करड्या ब्लॉकरचा एक थर देता येतो. प्रेसमध्ये तो कापडाच्या बाजूला जातो आणि डाय अडवतो. मात्र त्या कामाला कमी तापमानाला शिजणारी शाई घ्या, १६५ अंशांचा हट्ट नको. डीटीएफमध्ये असा थर सहज देता येत नाही. काळी पावडर मिळते, ती बरीच मदत करते.

हातातली शीट कुठली हे कळत नसेल तर भिंगातून बघा. सपाट, एकसंध रंग दिसला तर स्क्रीन. फिकट छटांमध्ये रंगीबेरंगी बारीक ठिपके दिसले तर डीटीएफ.

कुठलं घ्यायचं? दोन रंगांचा ७५ मिलिमीटरचा लोगो ८ मिलिमीटर अंतराने लावला तर ए३ शीटवर १५ बसतात. १५०० शर्टांना १०० शीट, वर पाचेक जास्तीच्या. स्क्रीन एकदाच बनते आणि पुढच्या वर्षी तोच लोगो लागतो, तेव्हा इथे स्क्रीनच. पण गॅदरिंगचे ४० टी-शर्ट, त्यावर फोटो आणि प्रत्येकावर वेगळं नाव असेल, तर स्क्रीन बनवणं हा वेडेपणा आहे. तिथे ५८ सेंटिमीटर रुंदीच्या फिल्मवर मीटरने डीटीएफ घ्या. शाळेचा तोच लोगो त्यावर मीटरला ८४ बसतो.

ग्राहकाला एवढं जरूर सांगा: पहिलं धुणं २४ तासांनंतर, इस्त्री उलट्या बाजूने. तापलेली इस्त्री लोगोवर थेट टेकली तर दोन्ही प्रकार सारखेच खराब होतात.