न कळत दिलेल्या औषधाने दारू सुटते का?

‘जेवणात मिसळून द्या, पिणाऱ्याला कळणारही नाही’ अशा दारूमुक्तीच्या जाहिराती वर्षानुवर्षे भिंतींवर झळकत आल्या आहेत. हा दावा निराधार तर आहेच, पण तो जिवावरही बेतू शकतो. डायसल्फिराम हे मान्यताप्राप्त औषध, ज्याचा या कामी उपयोग १९४८ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी मांडला, ते यकृतात ॲसिटाल्डिहाइडचे (दारूपासून शरीरात बनणाऱ्या विषारी द्रव्याचे) विघटन रोखते, त्यामुळे नंतर दारू प्यायल्यास चेहरा लाल होणे, उलट्या, धडधड, रक्तदाब घसरणे असा त्रास होतो. हृदयविकार असलेल्याला तो प्राणघातक ठरू शकतो. म्हणूनच हे औषध रुग्णाच्या संमतीने, तपासण्यांनंतर आणि शेवटच्या घोटाला किमान १२ तास उलटल्यावरच देतात. त्याचा खरा उपयोग, स्वतः केलेल्या निश्चयाला धाकाचा आधार, एवढाच. ज्याला औषध घेतल्याचे ठाऊकच नाही, त्याला धाक कसला वाटणार?

रुग्ण तयार नसेल तर घरच्यांनी आधी एकट्याने समुपदेशकाकडे जावे (यात लाजण्यासारखे काही नाही), कारण घरातले बोलणे-वागणे बदलल्याने रुग्ण उपचारांकडे वळण्याची शक्यता वाढते. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याची दारू घरीच एकाएकी बंद करू नये. पहिल्या काही दिवसांत झटके किंवा भ्रम होऊ शकतो, आणि तेव्हा डॉक्टरांची देखरेख लागते.