पॅरामेडिक व्हायचं असेल तर: कोणता कोर्स, कोणते कागद, कुठे अडतं

बारावीचा निकाल लागला की यवतमाळ, वाशीम, चंद्रपूरकडच्या तालुक्यांच्या गावी ‘पॅरामेडिकल डिप्लोमा, हमखास नोकरी’ असे फलक झळकू लागतात. फीचा पहिला हप्ता भरण्याआधी एक गोष्ट नीट समजून घ्या. लॅब, एक्स-रे, डायलिसिस, ऑपरेशन थिएटर ही सगळी कामं पॅरामेडिकल आहेत. अँब्युलन्समध्ये पेशंटजवळ बसून त्याला दवाखान्यापर्यंत सांभाळून नेणारा तो पॅरामेडिक. कागदोपत्री त्याला इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियन म्हणतात, बोलताना ईएमटी. डीएमएलटी, म्हणजे लॅब टेक्निशियनचा डिप्लोमा केलेल्याला ईएमटीची जागा मिळत नाही. म्हणून प्रमाणपत्रावर कोर्सचं पूर्ण नाव काय छापून येणार, ते संस्थेकडून लेखी घ्या.

सगळ्यात खालची पायरी प्रथमोपचाराची. सेंट जॉन अँब्युलन्स किंवा रेडक्रॉसचं हे प्रमाणपत्र थोड्या दिवसांत होतं. नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू असलेल्या कारखाना अधिनियम, १९४८ मध्ये दर १५० कामगारांमागे एक प्रथमोपचार पेटी आणि ती अशा प्रमाणपत्रधारकाच्या ताब्यात, अशी अट होती. त्यामुळे एमआयडीसीत याला किंमत आहे. पण एवढ्यावर ईएमटी होता येत नाही. त्याच्या जोडीला बीएलएस, म्हणजे सीपीआरचं (हृदय थांबलेल्याची छाती दाबून, श्वास देऊन त्याला जगवण्याचं) प्रशिक्षण. अमेरिकन हार्ट असोसिएशनचं कार्ड दोन वर्षं चालतं, पुढे पुन्हा परीक्षा. मिनिटाला १०० ते १२० दाब, छाती ५ ते ६ सेंटिमीटर खाली, ३० दाबांमागे २ श्वास हे पाठ सगळ्यांचंच असतं. चुकतं ते दाबानंतर: हात छातीवर रेलून राहतात, छाती पूर्ण वर येत नाही आणि हृदयात रक्त परत भरत नाही. सरावाच्या पुतळ्यावर हेच घोटून घ्या.

खरी सुरुवात ईएमटी-बेसिकपासून होते. हा हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलचा कोर्स. वय १८ पूर्ण हवं. प्रवेशाला बहुतेक ठिकाणी बारावी मागतात, सायन्स असेल तर बरं. यात ऑक्सिजन देणं, अंबू बॅग (हाताने दाबून श्वास द्यायची पिशवी), रक्तस्राव थांबवणं, फळी बांधणं, मानेचा पट्टा, वाटेत झालेली प्रसूती हे सगळं येतं. ईएमटी-अ‍ॅडव्हान्स्डमध्ये सलाईनची सुई, ईसीजी मॉनिटर आणि डॉक्टरांच्या सांगण्यावरून द्यायची औषधं येतात. साप चावलेल्या पेशंटच्या बाबतीत ईएमटीचं काम म्हणजे हातपाय हलू न देणं, घट्ट दोरी बांधू न देणं, चिरा मारू न देणं आणि श्वासावर लक्ष ठेवणं. विषावरचं इंजेक्शन डॉक्टरच देतात.

शिकवणी चांगली की नाही, हे एका हिशेबावरून कळतं. बी-टाइप सिलिंडरमध्ये साधारण १,५०० लिटर ऑक्सिजन असतो. मिनिटाला १० लिटर लावला तर तो १५० मिनिटांत संपतो. मेळघाटातल्या धारणीहून घाट उतरून अमरावतीला पोचायला तीन तासांहून जास्त लागतात. दुसरा सिलिंडर आणि त्याला बसणारी चावी गाडीत आहे का, हे निघण्याआधीच बघायचं असतं. जिथे हा हिशेब करून घेत नाहीत, तिथे नुसत्या नोट्स मिळतात.

पदवीसाठी बारावी सायन्स, तीही फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी घेऊनच. राष्ट्रीय संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोगाच्या २०२१ च्या कायद्यात इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्ट हा व्यवसाय नावानिशी आहे. त्या कायद्याने आरोग्यसेवा व्यावसायिकाला ३ ते ६ वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी लागते, संबद्ध व्यावसायिकाला २ ते ४ वर्षांत किमान २,००० तासांचा डिप्लोमा किंवा पदवी. ‘सहा महिन्यांत डिप्लोमा, राज्य परिषदेची नोंदणीही’ असं कोणी सांगत असेल, तर हे आकडे त्याच्यासमोर ठेवा. आधीच्या बॅचच्या एखाद्या मुलाचं नोंदणीपत्र दाखवायला सांगा.

नोकरीचंही स्पष्ट सांगायला हवं. महाराष्ट्रातली १०८ सेवा २०१४ मध्ये सुरू झाली तीच गाडीवर डॉक्टर ठेवून, बहुतेक बीएएमएस किंवा बीएचएमएस. म्हणून फक्त १०८ डोळ्यांसमोर ठेवू नका. खासगी हॉस्पिटलच्या अँब्युलन्स, कॅज्युअल्टी, खाणी आणि वीज प्रकल्पांचे दवाखाने इथेही विचारणा करा.

आता कागद. दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, टीसी, आधार, डोमिसाइल, उत्पन्नाचा दाखला, फिटनेस सर्टिफिकेट, फोटो. आरक्षणातून प्रवेश असेल तर जातीचा दाखला आणि व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), ओबीसी व व्हीजेएनटीला नॉन-क्रीमीलेअरही. सगळ्यात जास्त वेळ व्हॅलिडिटी खाते. जातीचा पुरावा ओबीसीला १३ ऑक्टोबर १९६७ आणि व्हीजेएनटीला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा, तर एससी-एसटीला १९५० पूर्वीचा लागतो. आजोबा शाळेतच गेले नसतील तर दाखल-खारीज रजिस्टरमध्ये काही सापडत नाही. अशा वेळी तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून कोतवाल बुकाची, म्हणजे गाव नमुना १४ ची नक्कल काढा. जुन्या नोंदी नुसत्या नावाच्या असतात, आडनाव नसतं. वंशावळीचं प्रतिज्ञापत्र त्या नावाशी जुळलं पाहिजे. हे काम अकरावीतच सुरू करा. बारावीनंतर धावपळ केली तर प्रवेशाची तारीख निघून जाते. नॉन-क्रीमीलेअरची मुदत ३१ मार्चला संपते, तेही बघून ठेवा.

ईएमटी-बेसिकसारख्या स्किल कोर्सची नोंदणी आधार ई-केवायसीने होते. आधारवर ‘गजानन रामाजी’ आणि दहावीच्या सनदेवर ‘गजानन रामभाऊ’ असेल तर पुढे प्रमाणपत्रावर नाव चुकतं. आधी आधार दुरुस्त करा. ओटीपी जुन्या, बंद पडलेल्या नंबरवर जातो, तो नंबरही बदलून घ्या.

प्रवेश झाला की हिपॅटायटिस-बीची लस सुरू करा. तिचे तीन डोस ०, १ आणि ६ महिन्यांनी असतात. हॉस्पिटलच्या पोस्टिंगमध्ये लॉगबुक, म्हणजे केलेल्या कामाच्या तासांची वही, रोजच्या रोज भरा आणि ड्युटीवरच्या डॉक्टरांची सही त्याच दिवशी घ्या. महिन्याभराने ते डॉक्टर बदलून गेलेले असतात आणि बिनसहीचे तास परीक्षेच्या वेळी धरत नाहीत.